दाराबाहेरचा कावळा

प्रिय लेखकमित्रा,

चिऊ-काऊच्या गोष्टीचा तुझा खर्डा मी दोनदा वाचला. घराघरांत घास भरवताना सांगितली जाणारी ही गोष्ट कावळ्याच्या तोंडून सांगावी, हा तुझा निर्णय मला मनापासून आवडला. मात्र तू कावळ्याला निर्दोष आणि चिमणीला निर्दय ठरवून थांबलास, त्यामुळे आरोपी तेवढा बदलला आणि निवाडा करण्याची जुनी खोड तशीच राहिली.

मूळ गोष्टीला हात लावावा की नाही, असा संकोच तुझ्या पत्रात दिसतो. तो सोडून दे. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात ही गोष्ट आहे आणि तिथे मेणाचे घर साळैचे, म्हणजे साळुंकीचे आहे. सांगणाऱ्यांनी पात्रे केव्हाच बदलली आहेत.

खरी अडचण वेगळी आहे. दाराबाहेर उभ्या असलेल्या कावळ्याला आतले काहीही दिसू शकत नाही. तुझ्या कावळ्याला मात्र बाळाचे झबले, चूल आणि काजळाची डबी सगळेच दिसते. त्याला फक्त ऐकू येऊ दे. ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते.’ ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते.’ भिजून कुडकुडणाऱ्याच्या कानांनी ही वाक्ये तू स्वतः ऐकून पाहा. आत ती एकटी आहे, कुशीत पिल्लू आहे आणि दाराशी उभा आहे तो एरवी लहान पक्ष्यांची अंडी-पिल्ले पळवणारा, तिच्याहून कितीतरी मोठा पक्षी. तरीही ‘मी दार उघडणार नाही’ हे एक साधे वाक्य गोष्टीने तिच्या तोंडी कुठेच दिलेले नाही. भल्या घरच्या बाईने दारी आलेल्याला तोंडावर नकार द्यायचा नसतो, म्हणून तिचा नकार घरकामाच्या आडून येतो. जिला आपण पिढ्यान्‌पिढ्या टापटीप म्हणून वाखाणत आलो, ती कदाचित तिची भीती असेल. हे कावळ्याला अगदी उशिरा उमगू दे. त्याला उमगलेच नाही आणि वाचकाला उमगले, तरी मला चालेल.

कावळ्याच्या वाट्यालाही असेच काहीतरी आले आहे. घर वाहून गेलेल्या पुरुषाने रडावे, घाबरावे, अशी सोय या गोष्टीत नाही. त्याने फक्त ‘दार उघड’ म्हणत राहायचे. शेणाचे घर त्याच्या आळसाची खूण मानली जाते, पण प्रत्यक्षातला कावळा काटक्यांचे, कधी तारांच्या तुकड्यांचे घरटे बांधतो, नर-मादी दोघेही पिल्लांना भरवतात आणि कोकिळेने घरट्यात घातलेल्या अंड्यातले पिल्लूसुद्धा आपले समजून वाढवतात. ही माहिती कथेत सांगत बसू नकोस. आतून बाळाच्या अंघोळीची चाहूल येते तेव्हा ती त्याच्या ओळखीची आहे, एवढे जाणवले की पुरे.

त्याच्या तोंडचे ‘लिंगभाव’ आणि ‘व्यवस्था’ हे शब्द कृपा करून काढून टाक; ते तुझे आहेत, त्याचे नाहीत. ‘थांब’ची आवर्तने मात्र एकही गाळू नकोस. पहिले ‘थांब’ त्याला खरे वाटावे, पुढचे टाळाटाळीचे, आणि त्यानंतरच्या एखाद्यात तिचा आवाज किंचित कापलेला त्याला ऐकू यावा. सगळी कथा त्या कापऱ्या आवाजावर उभी राहू शकते, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट मला फार दिवस अस्वस्थ करते आहे. गळ्यावर काळा डाग मिरवणारा चिमणा पिल्लांना चारा भरवताना आपण सगळ्यांनी पाहिला आहे, पण या गोष्टीत तो कुठेच नाही, आणि लहानपणी ‘बाळाचे बाबा कुठे गेले?’ असे मीही कधी आईला विचारले नाही. दाराबाहेर ताटकळणाऱ्या कावळ्याला हा प्रश्न सुचू शकतो. पुढच्या खर्ड्यात त्याला तो विचारू दे, आणि आतून काय उत्तर येते ते मला कळव.

तुझी,
एक जुनी वाचक