मिनेसोटात हिवाळा संपल्यावर छप्पर कसं तपासायचं? सीलिंगवर डाग आलाय, अख्खं छप्पर बदलावं लागेल का?

आधी एक सांगतो, दारावर आलेल्या त्या माणसाच्या कागदावर अजून सही करू नका. तुम्ही लिहिलंय की मिनिआपोलिसजवळ घर घेतल्यावरचा हा पहिलाच हिवाळा, मार्चमध्ये बर्फ वितळायला लागला आणि वरच्या बेडरूमच्या सीलिंगवर बाहेरच्या भिंतीलगत पिवळट डाग आला, मग कोणीतरी बेल वाजवून सांगून गेला की अख्खं छप्पर बदला. असेलही बदलायचं, पण नुसत्या डागावरून ते ठरत नाही. मी पण याच भागात राहतो आणि दर एप्रिलमध्ये ही तपासणी स्वतः करतो म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आत्ताच्या आत्ता एक करा, डागाच्या कडेकडेने पेन्सिलने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. एप्रिलमध्ये चांगला पाऊस होईलच, त्यानंतर डाग रेघेबाहेर गेला तर छपरात खरंच कुठेतरी वाट आहे. पावसात काहीच झालं नाही आणि फक्त बर्फ वितळताना आला होता असं दिसलं तर गोष्ट बहुतेक वेगळी आहे.

वेगळी म्हणजे काय, तर आपल्याकडे कोकणात पावसाच्या तोंडावर शाकारणी करतात तेव्हा माणूस सरळ कौलांवर चढतो कारण तिथं पाणी वरून येतं, इथे थंडीत मात्र खोड बहुतेक वेळा घराच्या आतून सुरू होते. हीटिंगची ऊब सीलिंगच्या फटींतून वरच्या पोटमाळ्यात, म्हणजे अ‍ॅटिकमध्ये जाते, छपराचा वरचा भाग गरम होतो, तिथला बर्फ खालच्या बाजूने वितळतो आणि ते पाणी उतारावरून वळचणीला येतं. वळचण भिंतीच्या बाहेर, तिच्याखाली घर नाही म्हणून ती थंडगार, तिथे पाणी परत गोठतं. असा थरावर थर चढून बांध तयार होतो, यालाच इथे आइस डॅम म्हणतात. मग मागे साचलेलं पाणी शिंगल्सच्या, म्हणजे छपरावरच्या डांबरी चपट्यांच्या, खालून उलटं वर सरकतं. शिंगल ही वाहतं पाणी खाली उतरवून द्यायला बनवलेली असते, साचलेल्या पाण्यापुढे तिचं काही चालत नाही, त्यामुळे नव्याकोऱ्या शिंगल्स टाकल्या तरी आतली ऊब तशीच राहिली तर पुढच्या वर्षी परत बांध होणार. (वळचणीला शिंगल्सखाली आइस अँड वॉटर शील्ड नावाचा चिकट थर लागतो, तो भिंतीच्या आतल्या रेषेपासून निदान २४ इंच आतपर्यंत असायला हवा असं बिल्डिंग कोड सांगतं. जुन्या घरात तो नसूही शकतो.)

म्हणून शिडी आधी बाहेर नाही, आत लावा. अ‍ॅटिकमध्ये मास्क आणि डोक्याला लावायचा टॉर्च घेऊन जा, पाय फक्त लाकडी जॉइस्टवर, म्हणजे आडव्या तुळयांवरच ठेवा, मधे पाय पडला तर थेट बेडरूममध्ये याल. वर छपराच्या लाकडी फळीची खालची बाजू बघा. सगळीकडे खिळ्यांची टोकं गंजलेली आहेत आणि उत्तरेकडच्या बाजूला काळपट डाग पसरलेत, असं दिसलं तर ती गळती नाही. घरातली दमट हवा वर जाऊन थंडीत फळीवर आणि खिळ्यांवर दंव होऊन बसते आणि जरा ऊन पडलं की सगळं एकदम टपकायला लागतं. लोक याला गळती समजून हजारो डॉलर घालवतात, वाईट वाटतं बघून. याउलट एकाच ठिकाणाहून, म्हणजे चिमणीजवळून किंवा पाइपाजवळून ओघळ खाली आलाय असं दिसलं तर ते पाणी बाहेरून आलंय. बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनचा पाइप कुठे जातो तेही बघा, काही घरात तो अ‍ॅटिकमध्येच सोडून दिलेला असतो, म्हणजे प्रत्येक अंघोळीची वाफ तुमच्या छपराला!

मग इन्सुलेशन किती जाड आहे ते पट्टीने मोजा. इथल्या कोडमध्ये नव्या घराला आर-४९ लागतं (आर म्हणजे ऊब अडवण्याचं माप), सेल्युलोज म्हणजे कागदाच्या लगद्याचं असेल तर ते साधारण १४ इंच होतं, मोकळं फायबरग्लास असेल तर त्याहून बरंच जास्त. सहा-सात इंचच दिसलं तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. पण नुसतं वरून इन्सुलेशन ओतू नका, आधी लाइट, वायरी, पाइप जिथून वर येतात त्या फटी बुजवा, आणि वळचणीखालच्या सोफिट व्हेंटमधून हवा आत येतेय ना ते बघा, इन्सुलेशनने ती वाट बंद झालेली असते कधी कधी. घर गरम करणाऱ्या भट्टीच्या धुराड्याभोवती साधा फोम मारायचा नाही, तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंट लागतं. आणि जुन्या घरात चकचकीत खड्यांसारखं व्हर्मिक्युलाइट दिसलं तर हातच लावू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, आधी टेस्ट.

बाहेरचं जमिनीवरूनच बघा, दुर्बीण नाहीतर फोनचा झूम पुरतो. छपरावर चढू नका, उत्तरेकडच्या उतारावर पातळ बर्फ दिसतही नाही आणि थंड शिंगल्स पायाखाली तडकतात. कुठली शिंगल उडालीय, कडा वर वळल्यात, काळे उघडे पट्टे पडलेत का ते बघा. डाउनस्पाउटच्या, म्हणजे गटरचं पाणी खाली आणणाऱ्या पाइपाच्या, तोंडाशी वाळूसारखे दाणे पडतात ते शिंगलचं ऊन्हापासूनचं कवच असतं, थोडे पडणारच, जुन्या छपराचे मूठभर पडले आणि वर टक्कल दिसलं तर मात्र त्याचं आयुष्य संपत आलंय. पण मी सगळ्यात आधी बघतो ते पाइपाभोवतीचं रबरी बूट, शिंगल्स धडधाकट असतात आणि हे रबर त्याआधीच चिरतं, बदलणं छोटं काम आहे आणि नाही बदललं तर गळती नक्की. चिमणीचं फ्लॅशिंग (सांध्यावरचा पत्रा) सुटलंय का, बर्फाच्या वजनाने गटर भिंतीपासून ओढलं गेलंय का, तेही बघून घ्या.

पुढच्या हिवाळ्यात जोराचा बर्फ पडला की जमिनीवर उभं राहून रूफ रेकने, म्हणजे बर्फ ओढायच्या लांब दांड्याच्या फावड्याने, वळचणीचा तीन-चार फूट भाग मोकळा करा. बांध तयार झालाच तर हातोडी-कुऱ्हाडीने फोडू नका, मीठही टाकू नका, पत्रा गंजतो आणि झाडं मरतात. जुन्या पायमोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून बांधावर उताराच्या दिशेने, वरून खाली असं ठेवलं तर पाण्याला वाट होते, नाहीतर वाफेने काढणारे लोक बोलवा.

आता तो दारावरचा माणूस. तो म्हणाला असेल की इन्शुरन्सचं डिडक्टिबल (क्लेममधला तुमच्या खिशातला वाटा) आम्ही भरतो किंवा सोडतो, तर मिनेसोटात रूफरला ते कायद्यानेच करता येत नाही, असं म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. लायसन्स नंबर मागा आणि राज्याच्या लेबर अँड इंडस्ट्री खात्याच्या साइटवर टाकून बघा. दोन-तीन जणांकडून लेखी कोटेशन घ्या आणि प्रत्येकाला विचारा की तुम्ही अ‍ॅटिकमध्ये जाऊन बघणार का. जो नाही म्हणेल त्याला काम देऊ नका.

अ‍ॅटिकचे फोटो काढलेत तर कमेंटमध्ये टाका, खिळे आणि फळी नीट दिसतील असे काढा, मी बघून सांगतो. आणि डागावर आत्ताच रंग मारू नका, पावसाळी दोन महिने जाऊ द्या, तोवर ती पेन्सिलची रेघ दिसायला हवी.