दात पांढरे दिसले म्हणजे स्वच्छ झाले का?

प्रश्न : आमची कुत्री आठ वर्षांची आहे. तिच्या तोंडाला दुर्गंधी येते आणि दाढांवर तपकिरी थर साचला आहे. पशुवैद्यांनी पूर्ण भूल देऊन दात साफ करण्यास सुचवले आहे. भूल न देता दात खरवडून देणारेही मिळतात. या वयात भुलीचा धोका पत्करावा का?

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, तरीही माझे मत पशुवैद्यांच्या बाजूने आहे. दाढांवर दिसणारे कीटण हा आजाराचा केवळ वरचा भाग असतो. खरे नुकसान हिरडीच्या आत, दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत होते. तेथे साचलेल्या जंतूंमुळे दाताला धरून ठेवणारे हाड हळूहळू झिजते. जाग्या प्राण्याच्या हिरडीखाली हत्यार घालणे वेदनादायक आणि धोक्याचे असते, त्यामुळे भुलीविना केवळ दिसणारा भाग खरवडला जातो. दात पांढरे दिसतात, मालकाचे समाधान होते आणि आजार आत वाढतच राहतो. मला सर्वांत जास्त चिंता या खोट्या समाधानाची वाटते.

भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी बसवतात. तिच्यावाटे भुलीचा वायू व प्राणवायू तर जातोच, शिवाय कीटण काढताना उडणारे पाणी आणि जंतू फुप्फुसांत उतरत नाहीत. त्यानंतर प्रत्येक दाताभोवतीच्या फटीची खोली मोजली जाते (कुत्र्यात ती साधारण 3 मिलिमीटरपर्यंत ठीक मानतात) आणि एक्स-रे काढले जातात, कारण मुळे व हाड डोळ्यांना दिसत नाहीत. हिरडीच्या वरचे आणि खालचे कीटण काढून झाल्यावर पॉलिश करतात. खरवडल्याने दातावर राहिलेल्या सूक्ष्म चरांत नवा थर लवकर चिकटू नये, हा त्यामागचा हेतू असतो. जो दात वाचण्यासारखा नसेल तो त्याच वेळी काढतात.

वय हा स्वतः आजार नव्हे. भुलीपूर्वी रक्ततपासणी करून यकृत व मूत्रपिंडांची स्थिती पाहावी, हृदय तपासून घ्यावे, आणि भूल चालू असताना नाडी, रक्तदाब, प्राणवायूची पातळी व शरीराचे तापमान यांवर लक्ष ठेवण्यासाठी स्वतंत्र व्यक्ती असेल का, हे दवाखान्यात निःसंकोच विचारावे. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार आढळला, तर निर्णय अर्थातच पशुवैद्यांशी नव्याने बोलून घ्यावा लागेल.

प्रश्न : आमचे मांजर एका बाजूनेच चावते, मध्येच घास खाली पाडते, पण खाणे सोडलेले नाही. मग दात दुखत नसतील ना?

उत्तर : दुखत असण्याचीच शक्यता अधिक आहे. मांजरे वेदना लपवतात आणि दात दुखत असतानाही खात राहतात, म्हणून खाणे बंद होण्याची वाट पाहू नये. मांजरांमध्ये दाताची रचना विरघळत जाण्याचा एक विकार बराच आढळतो. वरून हिरडीलगत लहानसा लाल ठिपका दिसतो किंवा काहीच दिसत नाही, आणि एक्स-रेशिवाय त्याची व्याप्ती कळत नाही. असा दात बहुधा काढावाच लागतो. 30 दातांपैकी काही गेले म्हणून मांजराचे अडत नाही. दुखणारा दात निघाल्यावर ते पुष्कळदा पूर्वीपेक्षा मोकळेपणाने खेळू-खाऊ लागते.

दवाखान्यातील सफाईनंतर दातांवर मऊ थर पुन्हा लगेच जमू लागतो आणि काही दिवसांतच त्याचे कठीण कीटण बनते, म्हणून हिरड्या बऱ्या झाल्यावर दोन्ही घरांत रोज ब्रश करण्याची सवय लावावी. माणसांची टूथपेस्ट वापरू नये : प्राणी ती गिळतात, आणि तिच्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य) असल्यास ते कुत्र्यांना विषारी ठरते. प्राण्यांसाठी बनवलेली पेस्ट घ्यावी आणि दातांची बाहेरची बाजू घासण्यावर भर द्यावा. कुत्रीला चघळायला हाडे किंवा शिंगे देऊ नयेत, त्यांनी दाढा तडकतात.