सोन्याचे नॅनोकण वापरून जिवंत पेशीतले रेणू खरंच दिसतात का?

तुमचे दोन प्रश्न आहेत: सोन्याचे नॅनोकण पेशीत सोडून आतले रेणू काय करतात ते खरंच कळतं का, आणि चांदी स्वस्त असताना सोनंच का?

कळतं, पण कणाच्या अगदी अंगाला लागून जे रेणू असतील त्यांचंच. रेणूवर लेसर टाकला की थोडासा प्रकाश रंग बदलून परत येतो. हा बदल रेणूतल्या बंधांप्रमाणे ठरतो, म्हणून त्यावरून रेणू ओळखता येतो. सी. व्ही. रामन यांनी 1928 मध्ये शोधलेला परिणाम तो हाच. अडचण एवढीच, की हा प्रकाश फार क्षीण असतो. 1974 मध्ये चांदीच्या खडबडीत इलेक्ट्रोडवर तो अनपेक्षितपणे जोरदार मिळाला, आणि धातूचा पृष्ठभागच तो वाढवतो हे 1977 मध्ये लक्षात आलं. धातूतले इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर एकत्र डोलतात आणि पृष्ठभागाजवळचं विद्युतक्षेत्र कितीतरी पटींनी वाढतं, दोन कणांच्या फटीत तर सर्वांत जास्त. मात्र काही नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) लांब गेलं की सगळं ओसरतं. पेशी साधारण दहा-वीस हजार नॅनोमीटर रुंद असते, हे ध्यानात ठेवा.

त्यामुळे सिग्नल काय आला यापेक्षा कण कुठे आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. पेशी कण गिळते तेव्हा तो पटलाच्या पिशवीत बंद होतो आणि पुढे बहुतेक वेळा लयकारिकेत (लायसोसोम, पेशीतला टाकाऊ माल पचवणारा भाग) जाऊन पडतो. अशा कणावरून केंद्रकाबद्दल बोलणं मला अजिबात पटत नाही. केंद्रकापर्यंत न्यायचा असेल तर कणावर त्यासाठीची पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, जोडावी लागतात.

चांदीचं म्हणाल, तर सिग्नल ती सोन्यापेक्षा चांगला देते. पण हुपरीचे पैंजण काळे का पडतात ते तुम्हाला माहीतच आहे. चांदी गप्प बसत नाही. पेशीत तिचे आयन सुटतात आणि ते विषारी असतात. सोनं तसं नाही. शिवाय पेशी पाहायला वापरतात ती चमकणारी रंगद्रव्यं प्रकाशाने फिकी पडतात, तसं सोनं पडत नाही, एकच पेशी तासन्‌तास पाहता येते.

कण बनवण्यापासून सुरुवात करायची तर काचसामान आम्लराजाने (हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लांचं मिश्रण) धुऊन घ्या, हे काम फ्यूम हूडमध्येच (घातक वाफा ओढून घेणारं कपाट) करा. क्लोरोऑरिक आम्लाचं (यातच सोनं असतं) पातळ द्रावण उकळत ठेवा आणि त्यात सोडियम सायट्रेट घाला. फिकट पिवळा रंग जातो, मग काळपट निळसर झाक येते आणि शेवटी माणकासारखा लाल. हा लाल रंग दिसला की काम झालं असं समजू नका. थोडं वेगळं काढून त्यात मिठाचं पाणी टाका. लाल क्षणात निळा-जांभळा झाला, तर कण एकमेकांना चिकटले. पेशी ज्या द्रवात वाढवतात त्या माध्यमातही क्षार असतातच, म्हणून आधी कणांवर पॉलिथिलीन ग्लायकॉलचं आवरण द्या आणि पुन्हा तपासा.

माध्यमात रक्तजल (सीरम) घातलं असेल तर त्यातली प्रथिनंही कणावर लगेच बसतात. तेव्हा पेशी नसलेल्या नुसत्या माध्यमात कण ठेवून एक वर्णपट (कोणत्या रंगाचा किती प्रकाश आला त्याचा आलेख) जरूर घ्या. त्यात दिसलेली शिखरं पेशीच्या खात्यावर टाकू नका.