ओईआरसाठी लायब्रेरियनने नेमकं काय करायचं?

तुम्ही विचारलंय की कॉलेजच्या लायब्ररीत नुकतेच रुजू झालात, वरून निरोप आलाय की ओईआरसाठी, म्हणजे मुक्त शैक्षणिक साहित्यासाठी, लायब्ररीनेही हातभार लावावा, आणि वेबसाइटवर लिंकांची यादी टाकण्यापलीकडे काय करायचं ते कळत नाहीये. मीही लायब्ररीतच काम करते आणि यातून गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

यादीपासून सुरुवात करू नका. मी तीच केली होती, विषयवार, खूप मेहनतीने, आणि ती कोणी उघडलीसुद्धा नाही. कारण शिकवणाऱ्याला शंभर लिंका नको असतात हो, त्याला त्याच्या तिसऱ्या युनिटला बसेल असं एक प्रकरण हवं असतं. म्हणून एकच कोर्स निवडा. कोणता, हे तुमचं सर्क्युलेशन रेकॉर्डच, म्हणजे पुस्तकांच्या देवघेवीची नोंदच, सांगेल, ज्या पाठ्यपुस्तकाला रिझर्वेशनची रांग सगळ्यात लांब असते आणि ज्याची प्रत परत आली की तासाभरात पुन्हा जाते, त्या पुस्तकाच्या मागे विकत न घेऊ शकणारी मुलं उभी आहेत. हे आकडे घेऊन त्या विषयाच्या मॅडमना किंवा सरांना भेटा. मुलांना पुस्तक परवडत नाही असं नुसतं बोलण्यापेक्षा ती रांग दाखवली की माणूस लगेच ऐकतो.

मग सिलॅबस समोर ठेवून युनिटवार शोधायचं. ओपनस्टॅक्स, लिबरटेक्स्ट्स, ओईआर कॉमन्स, मर्लो या चार वेबसाइटवर बरंच मिळतं, आणि ओपन टेक्स्टबुक लायब्ररी या साइटवर तर पुस्तकांवर प्राध्यापकांनी लिहिलेले रिव्ह्यू असतात, ते आधी वाचा, निम्मा वेळ वाचतो. दोन-तीन पर्याय निवडून द्या, पण विषयाच्या दृष्टीने चांगलं कुठलं हे त्यांनाच ठरवू द्या, ते आपलं काम नाही.

आपलं खरं काम लायसन्सचं आहे आणि इथे आपल्याशिवाय त्यांना सांगणारं सहसा कोणी नसतं. बहुतेकांना वाटतं नेटवर फुकट मिळतंय म्हणजे ओईआर. तसं नाही! मुक्त शिक्षणावर काम करणाऱ्या डेव्हिड वायलींनी पाच हक्क सांगितलेत, साहित्य स्वतःजवळ ठेवणं, वापरणं, त्यात बदल करणं, दुसऱ्यात मिसळणं आणि पुढे वाटणं, हे पाचही मिळत असतील तरच ते मुक्त. म्हणून क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे निर्मात्याने सगळ्यांना आधीच वापराची परवानगी देणारं तयार लायसन्स असलं तरी त्यात एनडी (नो डेरिव्हेटिव्ह्ज, बदल नको) असेल तर बदललेली आवृत्ती वाटता येत नाही, आणि ते या व्याख्येत बसत नाही. लायब्ररीच्या सबस्क्रिप्शनमधली ई-बुकं मुलांना फुकट वाचता येतात पण तीही ओईआर नव्हेत, सबस्क्रिप्शन संपलं की गेली.

मिसळण्यात तर सगळ्यात जास्त घोळ होतो. समजा सरांना ओपनस्टॅक्सच्या कॅल्क्युलसमधलं प्रकरण घेऊन त्यात विकिपीडियाचे परिच्छेद गुंफायचेत. कॅल्क्युलसचं लायसन्स बाय-एनसी-एसए, विकिपीडियाच्या मजकुराचं बाय-एसए (बाय म्हणजे श्रेय द्या, एनसी म्हणजे धंद्यासाठी नको, एसए म्हणजे नवीन आवृत्तीही याच लायसन्सखाली). दोघांचीही अट अशी की नवीन आवृत्ती माझ्याच लायसन्सखाली काढा, आणि एक म्हणतं धंद्यासाठी वापरायचं नाही तर दुसरं म्हणतं वापरा, मग एकजीव केलेलं प्रकरण कुठल्याच लायसन्सखाली काढता येत नाही. शेजारी शेजारी, आपापल्या लायसन्ससकट वेगळे ठेवले तर चालतं. हे सरांना सगळं लिहून झाल्यावर कळलं तर त्यांची मेहनत वाया जाते आणि ते पुन्हा या वाटेला फिरकत नाहीत, म्हणून पहिल्याच भेटीत सांगा. पुस्तकातली चित्रंही तपासा, कधीकधी मजकूर मुक्त असतो पण एखादा फोटो दुसऱ्या कोणाच्या परवानगीने छापलेला असतो. आणि श्रेय देताना शीर्षक, लेखक, मूळ जागा, लायसन्स या चार गोष्टी लिहायच्या, काही बदललं असेल तर तेही.

एवढं झालं की कॅटलॉगिंग, आणि मला मनापासून वाटतं की लायब्ररी इथेच कमी पडते. छापील पुस्तकाची जशी नोंद करतो तशीच याची पूर्ण नोंद करा, मार्क रेकॉर्डमध्ये (कॅटलॉगच्या नोंदीचा ठरलेला साचा) ८५६ क्रमांकाच्या रकान्यात लिंक, ५४० मध्ये लायसन्स, कोर्सचं नावही टाका, म्हणजे मुलगी ओपॅकमध्ये, म्हणजे लायब्ररीच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये, विषय शोधेल तेव्हा मुक्त पुस्तक बाकीच्या पुस्तकांबरोबरच समोर येईल. फाइल उतरवून आपल्या रिपॉझिटरीत (कॉलेजच्या डिजिटल साठ्यात) ठेवा कारण लिंका मरतात, आणि जवळ ठेवायचा हक्क लायसन्सनेच दिलाय. सरांनी तयार केलेली आवृत्ती फक्त पीडीएफमध्ये घेऊ नका, ज्यात बदल करता येतो ती मूळ फाइलही मागून घ्या, नाहीतर पुढच्या शिक्षकाला पुन्हा पहिल्यापासून टायपिंग. स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या मुलांसाठी हेडिंग नीट आहेत का, चित्रांना वर्णन आहे का ते बघा. आणि दोन-तीन प्रती छापून रॅकवर ठेवाच, सगळ्यांकडे चांगलं नेट नसतं.

यात लायब्ररी कशाला, असं कोणी विचारलंच तर युनेस्कोची २०१९ची ओईआरवरची शिफारस दाखवा, त्यात संबंधित घटकांच्या यादीत ग्रंथालयांचं नाव आहे. ओईआर हा शब्दही युनेस्कोच्याच २००२च्या बैठकीतून आलाय.

सत्र संपलं की त्याच मॅडमना पुन्हा भेटा, मुलं कुठे अडली, कुठली उदाहरणं जमली नाहीत ते विचारा आणि दुरुस्त आवृत्ती तारीख घालून जुनीच्या जागी ठेवा. दुसरा कोर्स त्यानंतर घ्या. लायसन्सचं काही अडलं तर खाली कमेंटमध्ये लिहा, बघून सांगते.