पिक्चर पडला, फसला, आपटला की गंडला?

फोंड्याहून प्रश्न आलाय. चार मित्र रविवारी घरी बसून टोबी मॅग्वायरवाला स्पायडर-मॅन ३ परत बघत होते आणि पिक्चर संपायच्या आधीच जुंपली. एक म्हणाला, हा तर पडलेला पिक्चर. दुसऱ्याने लगेच मोबाइलवर कमाईचे आकडे काढले, म्हणाला एवढा गल्ला जमवलेला पिक्चर पडला कसा रे? तिसरा म्हणाला पडला नाही, गंडला. चौथा बहुतेक मास्तर असावा, त्याने गंडला हा शब्दच अशुद्ध ठरवला आणि फसला म्हणा असा निकाल दिला. तर या शब्दांत खरंच फरक आहे का, की सगळ्यांचा अर्थ एकच, वाईट? आणि जाता जाता, सीक्वेल आला म्हणायचं, आली की आलं?

फरक आहे, चांगलाच आहे. तुमचं निम्मं भांडण पिक्चरवरून झालेलंच नाही, चौघे चार वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतात आणि प्रत्येकाला वाटत होतं समोरचा आपलं म्हणणं खोडतोय.

पडला आधी घेऊ. नाटक पडलं, उमेदवार पडला, ठराव पडला. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, निकाल दुसऱ्या कोणीतरी दिलाय, मतदाराने, सभागृहाने, प्रेक्षकाने. पडलेली वस्तू चांगली का वाईट हे या क्रियापदाला विचारू नका, त्याला ते माहीत नसतं. चांगला माणूस पडतो आणि भलताच निवडून येतो, हे गोव्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. म्हणून पडलाची जोडी चांगलाशी लागत नाही, चाललाशी लागते. पिक्चर एकतर चालतो नाहीतर पडतो. आणि पाडला म्हटलं की संशय सुरू, मग कोणीतरी मुद्दाम पाडलाय, समीक्षकांनी नाहीतर समोरच्या हिरोच्या फॅन्सनी.

या हिशेबाने तुमचा आकडेवाला मित्र बरोबर. २००७ चा हा पिक्चर, खर्च साधारण २५.८ कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या सगळ्यात महागड्या पिक्चरांपैकी एक, आणि जगभरातली कमाई ८९ कोटी डॉलरच्या आसपास, त्या तिन्ही भागांत सगळ्यात जास्त. भारतात तो इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू आणि चक्क भोजपुरीतही लागला होता. (मराठीत नाही, त्याचं दुःख वेगळं, पण तो विषय काढला तर हे उत्तर इथेच अडकेल.) याला पडला म्हणणं म्हणजे तीस हजार मतांनी निवडून आलेल्याला पडला म्हणणं.

मग लोक का म्हणतात? एक कारण म्हणजे पुढे काय झालं ते. चौथ्या भागाची तयारी चालू होती, २०१० च्या सुरुवातीला तो रद्द झाला, आणि २०१२ मध्ये नवीन हिरो घेऊन पहिल्यापासून गोष्ट सुरू केली. लोकांच्या डोक्यात साधा हिशेब, मालिका बंद पडली म्हणजे पिक्चर पडला असणार. दोन पडणी एकमेकांत मिसळली, बस्स.

पण तुमच्या पहिल्या मित्राची एक बाजू मला घ्यायची आहे, कारण तो गोव्याचा आहे. पुण्या-मुंबईकडे नाटक पडलं म्हणजे बुकिंग झालं नाही, खिडकीवर माशा मारल्या. आपल्याकडे गावच्या जत्रेतल्या मराठी नाटकाला तिकीटच नसतं. देवळासमोर मांडव, गावातलेच हौशी नट, रात्री उशिरा पडदा वर जाणार आणि सगळं फुकट. तरीही दुसऱ्या दिवशी लोक सांगतातच, औंदाचं नाटक पडलं. कशावरून? दुसऱ्या अंकाला मागच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, पोरं खाज्यांच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली, पुढे बसलेल्या बायका आपसात बोलायला लागल्या, यावरून. पैशाचा संबंधच नाही. म्हणजे आपल्याकडचं पडणं हे प्रेक्षकाने मन काढून घेणं आहे, गल्ला नव्हे. अशा गावात वाढलेला मुलगा पंचवीस कोटी डॉलरच्या पिक्चरलाही तेच माप लावणार, आणि मला तरी ते चुकीचं वाटत नाही. फक्त बाहेरच्या माणसाशी वाद घालताना ते माप सांगून टाकावं, नाहीतर तो आकडे काढतो.

आणि याच क्रियापदाची एक तिकडी आहे जी सीक्वेलसाठी मला सगळ्यात कामाची वाटते आणि कोणी वापरत नाही. फिका पडला, कमी पडला, तोकडा पडला. यात तुलना आतच बसवलेली आहे, कशापुढे फिका ते सांगावंच लागतं. २००४ चा दुसरा भाग, तो ट्रेन थांबवायचा प्रसंग, दमून पडलेल्या मुलाला डब्यातले प्रवासी हातांवर उचलून आत घेतात तो, त्याच्यापुढे तिसरा फिका पडतो हे त्या पिक्चरचे कट्टर फॅनसुद्धा नाकारत नाहीत. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या कमाईतही तो आधीच्या दोघांपेक्षा मागे राहिला, पहिल्याने ४० कोटी डॉलरवर मिळवलेले, दुसऱ्याने ३७, याने ३३ आणि थोडे. म्हणजे जगभर चालला आणि घरी फिका पडला. पहिल्या मित्राने नुसतं "पहिल्या दोघांपुढे" एवढं पुढे जोडलं असतं तर भांडण तिथेच मिटलं असतं.

आपटला हे पडलाचंच, पण त्याला उंची लागते. जमिनीवरचा माणूस घसरतो, आपटायला वर चढलेलं असावं लागतं. जोकरचं उदाहरण घ्या, २०१९ च्या पहिल्याने शंभर कोटी डॉलरच्या वर कमाई केली, २०२४ चा दुसरा जेमतेम २० कोटींच्या आसपास थांबला. हा नुसता पडला म्हणून भागत नाही, हा आपटला. द मार्व्हल्सलाही (२०२३) लोकांनी आपटला म्हटलं आणि ते समजण्यासारखं आहे, मार्व्हलच्या घरातल्या त्या पिक्चर-मालिकेत सगळ्यात कमी कमाई त्याची.

आता फसला, आणि इथे मला थोडं रेंगाळायचंय.

बेत फसतो, प्रयोग फसतो, डाव फसतो. फसायला आधी काहीतरी मनात योजलेलं असावं लागतं. पाऊस फसला असं आपण म्हणत नाही, कारण पावसाने काही ठरवलेलं नसतं. म्हणून एखाद्या पिक्चरला फसला म्हणणं ही शिवी वाटली तरी तिच्यात थोडा मान आहे, याने काहीतरी करायला घेतलं होतं हे तुम्ही कबूल करताय. आणि फसला म्हणणाऱ्यावर एक जबाबदारी येते, काय करायला गेला होता ते सांगायची.

या पिक्चरमध्ये ते सांगता येतं. सँडमॅन, म्हणजे वाळूचा झालेला खलनायक, पहिल्यांदा उभा राहतो तो प्रसंग बघा. एकही संवाद नाही. वाळूचा ढीग, त्यातून कण सरकायला लागतात, माणसासारखं काहीतरी आकार घेतं, कोसळतं, परत उठतं. समोर लॉकेट पडलेलं, त्यात मुलीचा फोटो. तो उचलायला जातो आणि हाताचीच वाळू होऊन ओघळते. मग परत. खलनायकाच्या जन्माला एवढा वेळ आणि एवढी माया सुपरहिरोच्या पिक्चरात क्वचित मिळते, हा भाग जमलाय, नुसता जमला नाही तर जमून आलाय. पण मग त्याच माणसाला अंकल बेनच्या, म्हणजे पीटरच्या (हाच स्पायडर-मॅन) काकाच्या, खुनात ओढून आणलं, जो खून पहिल्या भागात मिटलेला होता, आणि इतकी वर्षं गप्प बसलेला, पीटरचा मित्र हॅरी याचा बटलर अचानक येऊन हॅरीला सांगतो तुझ्या वडिलांच्या जखमा मी साफ केल्या होत्या, त्या त्यांच्याच यंत्राच्या होत्या. अरे मग आधी दोन पिक्चर काय करत होतास बाबा? इथे डाव फसला. तीन खलनायक आणि त्यातला व्हेनम तर अगदी शेवटाकडे येतो. दिग्दर्शक सॅम रेमीला तो फारसा नकोच होता, निर्मात्याच्या आग्रहाने घेतला हे जगजाहीर आहे. याला मराठीत तयार शब्द आहे, भाऊगर्दी. पानिपतच्या भाऊसाहेबांवरून आला म्हणतात. गर्दी आहे, आरडाओरडा आहे, कोण कोणाशी लढतंय ते कळत नाही, शेवटच्या मारामारीला याहून चांगला शब्द मला सापडत नाही.

आणि तो नाच. काळा सूट घातल्यावर पीटर कपाळावर केस ओढून रस्त्यावर कंबर हलवत चालतो, पोरींना बघून बोटं रोखतो, मग क्लबात जाऊन मेरी जेनसमोर, म्हणजे त्याच्या प्रेयसीसमोर, नाचतो. त्या वेळी थेटरात लोक हसले आणि फॅन्सना लाज वाटली. आता त्याचेच मीम सगळीकडे फिरतात आणि नवीन पोरं म्हणतात की तो तसाच हास्यास्पद दिसायला हवा होता, कारण पीटरला वाटतं आपण भारी दिसतोय आणि तो दिसत नाही, तोच मुद्दा आहे. हा वाद गोडीचा आहे कारण तो पूर्ण फसला या शब्दावर उभा आहे. दिग्दर्शकाला तो देखणा दाखवायचा होता असं मानलं तर प्रसंग फसला. बावळट दाखवायचा होता मानलं तर जमला. पडद्यावर तेच चित्र. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण क्लबातला भाग लांबलाय हेही म्हणेन.

चांगल्या-वाईटाचं असं कडबोळं असलं की आपल्याकडे भट्टी हा शब्द येतो, भट्टी जमली नाहीतर बिघडली. सत्तरी-पेडण्यात मार्च ते मे काजूची भट्टी बघितलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, बोंडू तेच, भांडं तेच, जाळ कमीजास्त झाला की उर्राकाची, म्हणजे काजूच्या दारूची, चव जाते. या पिक्चरला मी भट्टी बिघडली म्हणेन, माल उत्तम होता.

गंडलाबद्दल. अशुद्ध नाही हो. गंडवणे, गंडा घालणे हे जुने मराठी शब्द, फसवणूक या अर्थाचे. त्यातून गंडणे, आणि कॉलेजच्या पोरांनी त्याला कामाला लावलं, पेपर गंडला, प्लॅन गंडला, नेट गंडलंय. आपल्याकडे हा पुण्या-मुंबईकडून आलेला शब्द, मास्तरांना खटकला यात नवल नाही. फसलापेक्षा त्याच्यात एक सोय आहे, तो कोणाला जबाबदार धरत नाही. कुठेतरी काहीतरी बिनसलं, कोणी केलं माहीत नाही, गंडला. पिक्चर बघून बाहेर पडताना, अजून विचार झालेला नसताना, हाच शब्द तोंडात येतो आणि येऊ द्यावा. पेपरात परीक्षण लिहिताना मात्र तो पळवाट होतो. तिथे दोष कोणाचा ते सांगायचं असेल तर "माती खाल्ली" आहे, "पाट्या टाकल्या" आहे. पहिल्यात माणूस चुकतो, दुसऱ्यात त्याने मनच लावलेलं नसतं. रेमीने माती खाल्ली असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेईन, पाट्या टाकल्या म्हणालं तर नाही, तो वाळूचा प्रसंग पाट्या टाकणाऱ्याचा नाही.

गोव्यात टाइप करणाऱ्यांनी एक सांभाळायला हवं. कोकणीत तिसरो भाग पडलो, तिसरो भाग फसलो हे एकदम बरोबर आहे. तेच बोटाच्या सवयीने मराठी वाक्यात शिरलं की अर्थ फिरतो, कारण मराठीत पडलो, फसलो म्हणजे मी. "स्पायडर-मॅन ३ फसलो" असं तुम्ही लिहिलंत तर साताऱ्याचा माणूस समजतो की तिकीट काढून तुम्ही फसलात, आणि तुम्हाला सहानुभूती दाखवतो. तशी ती चूक अर्थाला फार सोडून नाही म्हणा.

राहिला सीक्वेल. बहुतेक जण आला म्हणतात कारण मनात भाग हा शब्द असतो, काही जण आलं म्हणतात, दोन्ही चालतं. आली मात्र मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. पिक्चरचंही तसंच, तो पिक्चर आणि ते पिक्चर दोन्ही कानावर पडतात, एका लेखात एकच धरा म्हणजे झालं. मराठी शब्द हवा असेल तर पुढचा भाग किंवा दुसरा भाग सरळ आहे. उत्तरार्ध नको, तो एकाच कृतीचा दुसरा अर्धा तुकडा. आकड्यांवर मात्र फार विसंबू नका, हृतिकच्या क्रिशचा क्रिश २ कधी आलाच नाही, २००६ च्या क्रिशनंतर थेट २०१३ ला क्रिश ३, कारण मोजणी कोई मिल गया पासून धरली होती. तेव्हा क्रिश ३ हा क्रिशचा दुसरा भाग म्हणायचा की तिसरा, यावर पुढच्या रविवारी फोंड्यात आणखी एक भांडण सहज होईल.