कोपनहेगनमधलं जेवणाचं टेबल: नवं, जुनं की हप्त्यांवर?

प्रश्न: आम्ही दोघं आणि अडीच वर्षांची मुलगी कोपनहेगनमध्ये भाड्याच्या घरात राहतो. कमावणारा मी एकटा. परदेशी तज्ज्ञांच्या करसवलतीचं पाचवं वर्ष चालू आहे. बचत 1,40,000 क्रोनर, महिन्याचा खर्च साधारण 28,000. ओकचं जेवणाचं टेबल आणि वाय-चेअरसारख्या (पाठीला इंग्रजी वाय अक्षराचा आधार, कागदी दोरीची बैठक) सहा डॅनिश खुर्च्या 58,000 ला मिळतायत, 24 बिनव्याजी हप्त्यांत. घरी आणून जोडायचा स्वस्त सेट 12,000 ला आहे. पत्नी म्हणते, इथले लोक एकदाच चांगलं घेतात, आपणही तसंच करू. काय करावं?

उत्तर: पत्नीचं म्हणणं मला पटतं. दुकान मात्र पटत नाही.

आधी बचतीकडे बघू. 1,40,000 म्हणजे तुमचा पाच महिन्यांचा खर्च. पगार एकच, आणि राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, म्हणजे सहा महिन्यांची गंगाजळी हवीच. तीच एक महिन्याने तोकडी आहे. रोख 58,000 दिलेत तर हाताशी तीन महिनेही उरत नाहीत. हप्त्यांवर घेतलंत तर महिन्याला सुमारे 2,400 जातील. ‘बिनव्याजी’ या शब्दावर जाऊ नका, करारातला ‘ओओपी’चा (ÅOP) आकडा बघा. कर्जाचा सगळा वार्षिक खर्च त्यात टक्क्यांत धरलेला असतो आणि तो दाखवणं कायद्याने बंधनकारक आहे. तो शून्य नसेल तर कुठेतरी फी दडलेली आहे. शून्य असला तरी हप्ता तो हप्ताच. शिवाय तुमची सवलत 84 महिन्यांची. आज श्रम-अंशदान, म्हणजे पगारातून होणारी तिथली सक्तीची कपात, धरून 32.84 टक्के कर जातो. दोन-तीन वर्षांनी नेहमीचे दर लागू झाले की हातात येणारा पगार घटेल. हप्ते संपतील त्याच सुमाराला.

आता लाकडाचा हिशेब. डेन्मार्कमध्ये मोम्स, म्हणजे तिथला व्हॅट, 25 टक्के. 58,000 मधले 11,600 सरकारचे. उद्या टेबल विकायला काढलंत तर ते कोणी परत देणार नाही. तेच टेबल एखाद्या कुटुंबाकडून जुनं घेतलंत तर मोम्सचा प्रश्नच येत नाही, आणि पहिली मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असते. समजा चार वर्षांनी घर बदललंत. नवा सेट 32,000 ला गेला तर 26,000 चा खड्डा. 12,000 चा सेट एक-दोन घरं बदलेपर्यंत खिळखिळा होणार, हजार मिळाले तरी नशीब. जुना चांगला सेट 25,000 ला घेऊन 18,000 ला विकलात तर खर्च 7,000. विक्रीच्या किमती माझ्या अंदाजाने धरल्या आहेत. ‘डेन ब्लो आविस’ या जुन्या वस्तूंच्या डॅनिश संकेतस्थळावरच्या जाहिराती आठवडाभर चाळा आणि तुमचे आकडे घाला. उत्तराची दिशा बहुधा बदलणार नाही.

यात डॅनिशपणा कमी होतो असं वाटत असेल तर एक आठवण करून देतो. एफडीबी या ग्राहक सहकारी संस्थेने 1942 मध्ये फर्निचरचा विभाग काढला आणि बोर्गे मोगेन्सनला प्रमुख नेमलं, ते सामान्य पगारदाराला परवडेल असं मजबूत सामान बनवायला. त्याची 1947 ची जे-39 ‘लोकांची खुर्ची’ म्हणूनच ओळखली जाते. सहकाराचं वळण असलेल्या आपल्या मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. अशा खुर्च्या आजही जुन्या बाजारात फिरत असतात.

बघायला जाल तेव्हा खुर्चीवर बसून मागेपुढे हला. सांधा करकरला तर पुढची बघा. उलटी करून खालचा, बनवणाऱ्याचा शिक्का वाचा. मग बैठक. वाय-चेअरच्या एका बैठकीला जवळपास 120 मीटर कागदी दोरी लागते. ती बहुतेक पुढच्या काठावर, मांडीखाली तुटते. तुटली म्हणून खुर्ची बाद होत नाही, दोरी नव्याने विणून मिळते. तो खर्च आधी विचारा आणि तेवढी किंमत पाडून मागा.

आणि हळद! साबणाच्या पाण्याने निगा राखलेला फिकट ओक दिसतो सुंदर, पण वरणाचा एक ओघळ पडला की डाग आत उतरतो. कागदी दोरीचंही तेच. हळदीचा डाग उन्हात फिका होतो खरा, पण कोपनहेगनच्या जानेवारीत ऊन आणणार कुठून? अडीच वर्षांची मुलगी घरात असताना टेबल लॅकरचं, म्हणजे वर पक्का लेप दिलेलं, घ्या आणि निदान तिची खुर्ची तरी लाकडी बैठकीची.

म्हणून माझा सल्ला: आधी टेबल आणि चार खुर्च्या, सगळं जुनं, रोखीने, 20,000 च्या आत. पाहुण्यांच्या दोन नंतर, मिळतील तशा. त्याआधी दोन-तीन महिने बचत वाढवा. टेबल कुठे पळून जात नाही.

जुन्यात पॅलिसँडर मात्र टाळा. 1950-60 च्या दशकांतलं ते काळसर, देखणं लाकूड बरेचदा ब्राझीलच्या शिसवाचं असतं. 1992 पासून ते सायटीस या, धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. कागदपत्रांशिवाय ना विकता येईल, ना भारतात नेता येईल. सागवानाला ही अडचण नाही, आणि त्या काळच्या डॅनिश कारागिरांनी सागवानही भरपूर वापरलं.

सवलत संपल्यावरही तिथेच राहायचं पक्कं झालं आणि तोवर सहा महिन्यांची रक्कम बाजूला पडली, तर नव्या वाय-चेअर खुशाल घ्या. तेव्हा मी आडवा येणार नाही.