नाकेबंदी केली; कोंडी झाली का?

प्रश्न विचारणारे एका लेखाचं संपादन करत आहेत. शेजारच्या हुकूमशाही राजवटीवर राजनैतिक आणि आर्थिक दबाव आणून ती बदलता येते का, हा लेखाचा विषय. त्यात निर्बंध, प्रतिबंध, नाकेबंदी, कोंडी, बहिष्कार हे शब्द एकमेकांच्या जागी आले आहेत. एका वाक्यावर ते अडले आहेत : ‘१९५५ साली भारताने सालाझारची आर्थिक कोंडी केली.’ (सालाझार म्हणजे पोर्तुगालचा हुकूमशहा. गोवा तेव्हा त्याच्या ताब्यात होता.) हे वाक्य बरोबर आहे का, आणि ‘निर्बंध’ या शब्दात ‘निर्’ असूनही तो बांधण्याच्या अर्थाने कसा वापरतात, असे त्यांचे दोन प्रश्न.

दुसरा प्रश्न सोपा आहे, म्हणून आधी तो घेतो. निर्धन, निर्दोष, निर्भय या शब्दांमुळे ‘निर्’ म्हणजे ‘नसलेला’ असं आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. पण संस्कृतात या उपसर्गाला ‘पुरेपूर, पक्कं’ असाही अर्थ आहे. निर्णय, निर्धार, निरीक्षण या शब्दांत कशाचाही अभाव नाही. निर्बंध त्याच घरातला. संस्कृतात ‘निर्बन्ध’चा मुख्य अर्थ आग्रह, हट्ट, एखादी गोष्ट लावून धरणं. मराठीत तो अर्थ मागे पडला आणि बंधनाचा अर्थ उरला. तरी मला तो जुना अर्थ विसरवत नाही, कारण एक देश दुसऱ्यावर निर्बंध लादतो तेव्हा मुळात तो एक हट्टच धरत असतो : अमुक करा, तोवर आम्ही सोडणार नाही.

‘प्रतिबंध’ मात्र या लेखातून सरळ काढून टाका. हिंदी बातम्यांत ‘आर्थिक प्रतिबंध’ म्हणतात, तिथून तो आपल्याकडे येतो. मराठीत प्रतिबंध म्हणजे होण्याआधी अडवणं. रोगप्रतिबंधक लस, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, प्रतिबंधात्मक अटक. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल शिक्षा म्हणून जे लादतात त्याला मराठीत निर्बंध म्हणतात, आणि तो शब्द चांगला रुळलेला आहे. निर्बंध लादतात, कडक करतात, शिथिल करतात, उठवतात. करोनाच्या दोन वर्षांत ही सगळी क्रियापदं आपण रोज ऐकली.

निर्बंधाची एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. आपण ‘गोव्यावर निर्बंध’ म्हणतो, पण हुकूम सुटतो तो आपल्याच माणसांना. भारत सरकार पोर्तुगालच्या राजधानीला, लिस्बनला काय सांगणार? ते सांगणार बेळगावच्या व्यापाऱ्याला, की तिकडे माल पाठवायचा नाही. मुंबईत धोबीतलावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात राहणाऱ्या, बोटीवर काम करणाऱ्या गोवेकराला, की घरी पैसे पाठवायचे नाहीत. १९५४ पासून असे निर्बंध सुरू झाले आणि १५ ऑगस्ट १९५५ नंतर ते फार कडक झाले. त्या दिवशी पोर्तुगीज पोलिसांनी गोव्याच्या मुक्तीसाठी सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसं मारली गेली. पत्रादेवीच्या नाक्यावर पडलेले कर्नैलसिंग बेनिपाल त्यांतलेच. भारताने १ सप्टेंबरला पणजीतलं आपलं वकिलातीचं कार्यालय बंद केलं. लिस्बनमधली वकिलात तर १९५३ च्या जूनमध्येच बंद झाली होती. कुळे आणि कॅसलरॉक यांच्यामधली आगगाडी थांबली.

आता नाकेबंदी. हा शब्द नाक दाबण्यावरून आला असं काही जण समजतात, तसं नाही. नाका म्हणजे रस्त्याच्या तोंडाशी जिथे जकात घेतात, झडती घेतात ती जागा. नाके बंद करणं ती नाकेबंदी. पोलिस रात्री लावतात ती बहुधा ‘नाकाबंदी’ : एका नाक्यावर गाड्या थांबवून तपासतात आणि सोडतात. देशांच्या संदर्भात नाके अनेक असतात आणि सोडत कोणालाच नाहीत, म्हणून मी तिथे ‘नाकेबंदी’ लिहितो. व्याकरणाने दोन्ही चालतील. हा भेद वापरातला आहे आणि उपयोगाचा आहे, एवढंच.

इंग्रजीत यासाठी जो शब्द आहे तो मुळात वेढ्याचा आणि गलबतांचा, बंदर अडवण्याचा. आपला शब्द रस्त्याचा आहे. १९५५ साली भारताने केलं ते शब्दशः नाकेबंदी होतं : बांदा-पत्रादेवी, माजाळी-पोळे, दोडामार्ग हे जमिनीवरचे नाके बंद केले. मुरगावचं बंदर उघडं होतं. मराठी शब्दाने इथे परक्या शब्दापेक्षा जास्त खरं सांगितलं आहे, आणि त्या एका शब्दात पुढच्या सहा वर्षांची गोष्टही आहे.

कारण माल समुद्राने येत राहिला. हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचं सिमेंट, पाकिस्तानचा तांदूळ, पोर्तुगालची वाइन. दाबोळीचा विमानतळ सुरू झाला आणि तिथून कराचीला विमानं जाऊ लागली. नेमक्या याच काळात गोव्याचं लोहखनिज जपान आणि पश्चिम जर्मनीच्या पोलाद कारखान्यांना हवं होतं. मांडवी आणि झुवारीतून खनिजाचे पडाव भरून बंदराकडे जात होते आणि परकीय चलन येत होतं. ज्या मालाला भारतात तोटा होता, घड्याळं, नायलॉन, सोनं, तो उलट गोव्यातून चोरवाटांनी इकडे येऊ लागला. आपल्याकडे म्हणतात, नाक दाबलं की तोंड उघडतं. इथे नाक दाबलं तेव्हा तोंड आधीपासून उघडंच होतं, आणि श्वास तिथून चालू होता.

म्हणून ‘कोंडी’ या शब्दाबद्दल मी इतका आग्रही आहे. कोंडी ही ‘कोंडणे’ची लेक. कोंडवाडा, कोंडमारा, वाहतूक कोंडी ही तिची भावंडं. सगळीकडे बाहेर पडायला वाट नाही हाच अर्थ आहे. निर्बंध आणि नाकेबंदी ही कृतीची नावं आहेत, करणाऱ्याच्या हातातली. कोंडी हे परिणामाचं नाव आहे आणि ते समोरच्याच्या अवस्थेवर ठरतं. नाके बंद केले म्हणजे कोंडी झालीच, असं मथळ्यात लिहिताना आपण निकाल आधीच लावून मोकळे होतो. मथळ्यांतली ही सवय मला खरोखर खटकते. वाचकाला वाटतं, समोरचा आता गुदमरला. मग तो का शरण येत नाही हे कळत नाही, आणि तो ‘अजून कडक करा’ म्हणू लागतो.

मग कोंडी कोणाची झाली? माझी आजी गोव्यातल्या पेडण्याची, दिलेली सीमेच्या अलीकडे बांद्याला. अंतर सकाळी निघून दुपारी पोचण्याइतकं. त्या वर्षी चवथीला तिच्या माहेरचं वजें आलं नाही. फळं, करंज्या, नारळ भरलेलं ते ओझं भावाने आणायचं, आणि भावाकडे परवाना नव्हता. ती राजकारणाचा शब्द कधी वापरत नसे. त्या वर्षांबद्दल म्हणायची, “वाट मोडली होती.” न चालल्यामुळे गवत येऊन पायवाट पुसली जाते त्याला आपण वाट मोडणं म्हणतो. नाकेबंदीचा तिच्याकडून मिळालेला हा अर्थ मी कोणत्याही कोशात घालायला तयार आहे. कोंडी तिची झाली, तिच्या भावाची झाली, मुंबईच्या मनीऑर्डरीवर चूल पेटवणाऱ्या गोव्याच्या बार्देस-साष्टीतल्या घरांची झाली. सालाझार लिस्बनमध्ये होता. त्याच्याकडे जायला पेडण्याची वाट लागत नव्हती.

बहिष्काराबद्दल थोडक्यात. बहिष्कार म्हणजे मी तुझ्याशी व्यवहार ठेवणार नाही. भारताने १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला तो बहिष्कार. त्याला नाकेबंदी म्हणता येणार नाही, कारण अडवायला नाकेच नव्हते. एकट्याने घातला तर तो बहिष्कार, आणि सगळ्या गावाने मिळून घातला की त्याला आपण वाळीत टाकणं म्हणतो. सगळं गाव एक झालं तरच वाळीत टाकणं लागू पडतं, एक घर जरी पाणी देत राहिलं तरी बेत फसतो. पोर्तुगाल १९४९ पासून नाटो या लष्करी कराराचा संस्थापक सदस्य होता. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या निवेदनात या वसाहतींसाठी पोर्तुगालचाच ‘प्रांत’ हा शब्द वापरला, आणि दिल्लीत त्यावरून मोठा संताप झाला. हा शब्दही सालाझारने मुद्दाम घडवलेला होता : १९५१ मध्ये राज्यघटना बदलून त्याने ‘वसाहती’ पुसून ‘सागरपार प्रांत’ केलं, म्हणजे सोडण्यासारखं काही उरलंच नाही. गाव असं दुभंगलेलं असताना वाळीत कोण टाकणार?

तुमच्या लेखात ‘दबाव’ आणि ‘दडपण’ हेही एकाच अर्थाने आले आहेत. ते वेगळे ठेवा. दबाव आणतात, दडपण येतं. दबाव बाहेरून टाकला जातो, दडपण ज्याच्यावर आहे त्याला आतून जाणवतं. परीक्षेचा दबाव म्हणतात आता, पण खरं ते दडपण. दडपे पोहे आठवा. पोह्यांवर वजन ठेवतात ते खरं, पण ते मऊ होतात ते ओल्या खोबऱ्याच्या आणि कांद्याच्या पाण्याने. आत ओल नसेल तर वरून पाटा ठेवलात तरी पोहे कोरडेच राहतील.

याचं दुसरं उदाहरण शेजारचंच आहे, आणि ते उलट दिशेने जातं. नेपाळने १९८८ मध्ये चीनकडून शस्त्रं घेतली, भारत रागावला, मार्च १९८९ मध्ये व्यापार आणि पारगमनाचे करार संपले आणि भारताने दोन वगळता बाकीचे नाके बंद केले. नेपाळी भाषेतही सीमेवरच्या या जागांना ‘नाका’ आणि त्या अडवण्याला ‘नाकाबन्दी’च म्हणतात. नेपाळला समुद्र नाही. तिथे नाकेबंदी म्हटलं की कोंडी लगेच आली : केरोसीन मिळेना, चुली विझल्या. वर्षभरात, फेब्रुवारी १९९० मध्ये, राजाच्या पक्षविरहित ‘पंचायत’ राजवटीविरुद्ध जनआंदोलन उभं राहिलं आणि एप्रिलमध्ये राजे बीरेंद्र यांनी पक्षांवरची तीस वर्षांची बंदी उठवली. भारताने राजवट बदलली असं मात्र लिहू नका. भारताचा हट्ट शस्त्रांबद्दल आणि करारांबद्दल होता, लोकशाहीबद्दल नव्हता. काठमांडू आणि पाटणच्या रस्त्यांवर उतरले ते नेपाळी लोक, गोळ्या त्यांनी खाल्ल्या. बाहेरचा दबाव होता, पण राजाला दडपण आलं ते त्यांचं.

सालाझारवर तसं दडपण आलं नाही. गोव्यातल्या चळवळीला त्याने तुरुंगात घातलं, आणि पोर्तुगालमध्ये बोलायलाच बंदी होती. १८ आणि १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य आत गेलं तेव्हा गोवा सुटला, पण राजवट तशीच राहिली. ती पडली २५ एप्रिल १९७४ ला, अंगोला, गिनी आणि मोझांबिकच्या युद्धांना कंटाळलेल्या तिच्याच लष्करी अधिकाऱ्यांच्या हातून. गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केलं ते त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी.

तेव्हा तुमचं अडलेलं वाक्य मी असं लिहीन : ‘१९५५ साली भारताने पोर्तुगीज गोव्यावरचे आर्थिक निर्बंध कडक केले आणि जमिनीवरची नाकेबंदी केली, कोंडी झाली ती गोवेकरांची.’